बघण्याचा फुटबॉल, खेळण्याचा फुटबॉल आणि घरखर्चाची वही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महागाईवरील आपला अग्रलेख आणि त्यावर आलेली वाचकांची पत्रे मी गेले दोन आठवडे वाचतो आहे. त्यांपैकी एका पत्रात एका गृहस्थांनी असे सुचवले आहे की, तेल, डाळ, दूध आणि गॅस यांचा मेळ घालायचा असेल, तर मध्यमवर्गीय कुटुंबाने सर्वांत आधी ‘खेळ व करमणूक’ या रकान्यावर काट मारावी, कारण ती निव्वळ चैन आहे. या सूचनेतील अर्धा भाग मला मान्य आहे, आणि मान्य आहे म्हणूनच हे पत्र लिहीत आहे. खेळावरचा खर्च हा एक रकाना नसून दोन आहेत: एक बघण्याचा आणि दुसरा खेळण्याचा. वहीत ते एकाखाली एक येतात, आणि कात्री लावायची वेळ आली की भलत्यालाच लागते. आमच्या घरात ती कशी लागली, हे सांगताना थोडा संकोच वाटतो, कारण त्यात चूक माझी होती.

मी कोल्हापूरचा. कोणत्या तालमीचा, हे मुद्दाम लिहीत नाही, कारण ते लिहिले की आपले निम्मे वाचक पत्र तिथेच सोडतील. पाटाकडील, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, खंडोबा, बालगोपाल ही नावे बाहेरगावच्या वाचकाला कदाचित कुस्तीच्या आखाड्यांची वाटतील, आणि ते फारसे चूक नाही. कुस्तीसाठी उभ्या राहिलेल्या तालमींनीच पुढे फुटबॉलचे संघ बांधले, राजघराण्याने या खेळाला आश्रय दिला, आणि तेव्हापासून छत्रपती शाहू स्टेडियमवरचा सामना हा आमच्याकडे पेठेच्या इभ्रतीचा प्रश्न झाला. मी एका पतसंस्थेत नोकरी करतो, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांचे हिशेब तपासतो. घरचा हिशेब मात्र माझी पत्नी ठेवते.

हा हिशेब दोन ठिकाणी असतो. बारीकसारीक नोंदी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर होतात, आणि महिनाअखेरीस त्या वहीत उतरतात. दुधाचा खाडा, इस्त्रीच्या कपड्यांची संख्या, ‘आज गॅस लावला’ अशी सिलिंडर बदलल्याची खूण, हे सगळे तिच्या बारीक अक्षरात. आणि त्याच चौकोनांत माझ्या मोठ्या अक्षरात सामन्यांच्या वेळा. हंगाम भरात असला की एकेका चौकोनात ‘दूध नाही’ आणि ‘सेमीफायनल ४ वा.’ अशी दाटी होते. गेली कित्येक वर्षे मी त्या कालनिर्णयकडे केवळ वेळापत्रक म्हणून पाहत आलो. त्यातल्या उरलेल्या मजकुराचा माझ्या मजकुराशी काही संबंध असेल, असे मला कधी वाटले नव्हते.

तो संबंध २०२४ च्या सप्टेंबरात कळला. ऐन गणेशोत्सवात, १४ सप्टेंबरपासून, केंद्र सरकारने खाद्यतेलावरील आयात शुल्क वाढवले. कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचा एकूण भार साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर गेला. सोयाबीन पिकवणाऱ्या शेतकऱ्याला भाव मिळावा हा त्यामागचा हेतू होता, आणि मराठवाड्यातील माझ्या मेहुण्यासारख्या शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर तो वावगा म्हणता येणार नाही. परंतु आपल्या देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येते, त्यामुळे शुल्क चढले की डबा चढणारच. दसरा, मग दिवाळीचा फराळ, असे तळणाचे दोन महिने समोर होते. पत्नीने वही उघडली आणि कुठून काय कमी करता येईल ते पाहू लागली.

आमची धाकटी मुलगी तेव्हा बारा वर्षांची होती. ती फुटबॉल खेळते, आणि बापाची भीड न ठेवता सांगायचे तर बरी खेळते; उजव्या बगलेतून पळते, पण डाव्या पायाचा अजून तिला भरवसा नाही. तिला दसऱ्याला नवे बूट घ्यायचे ठरले होते. आधीचे बूट आम्ही एक नंबर मोठे घेतले होते आणि पुढे कापसाचा बोळा घालून ते वापरायला सुरुवात केली होती. पुढे बोळा निघाला, बूट पायाला बरोबर झाले, आणि त्या पावसाळ्यात ते लहान झाले. उजव्या बुटाचा तळ अंगठ्याशी उसवला होता, तो चांभाराकडून दोनदा शिवून घेतला होता. तेलाचा डबा चढला तेव्हा वहीत ‘खेळ’ या शब्दापुढे जी रक्कम होती ती हे बूटच होते, म्हणून ते ‘दिवाळीनंतर बघू’ असे ठरले. दिवाळीनंतर दुसरा कसलासा खर्च आला आणि ते संक्रांतीवर गेले. या साऱ्या काळात मुलीने तक्रार केली नाही. एका रविवारी तिने मोजा काढला तेव्हा अंगठ्याचे नख काळेनिळे झालेले दिसले, तेवढेच.

आता दुसरी बाजू. याच तीन महिन्यांत, ऑक्टोबरच्या एका सकाळी, माझ्या बँक खात्यातून सामने दाखवणाऱ्या एका ॲपची वार्षिक वर्गणी आपोआप वळती झाली. ती मी विचार करून भरली नव्हती, पण थांबवलीही नव्हती. ती वहीत नव्हती, कारण ती माझ्या मोबाइलवरून जात असे आणि ‘मोबाइल’ हा खर्च आमच्याकडे वेगळाच धरला जाई. नख पाहिल्यावर पत्नी जे बोलली ते मी तिच्याच शब्दांत देतो: “तेल म्हाग झालं की पोरीचं बूट थांबत्यात. तुमची म्याच कुठं थांबली?” याला माझ्याकडे उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी बूट आले.

त्यानंतर, म्हणजे २०२५ च्या जानेवारीपासून, मी फुटबॉलचा खर्च स्वतंत्र लिहायला घेतला. डाव्या पानावर बघण्याचा, उजव्या पानावर खेळण्याचा. वर्ष संपले, बेरीज झाली. डावीकडे ९,७३० रुपये आणि उजवीकडे ४,५०० रुपये. म्हणजे सोफ्यावर बसणाऱ्याचा खर्च मैदानावर धावणारीच्या दुपटीहून जास्त. त्या डाव्या पानात मोठी रक्कम इंटरनेटची आहे, आणि ती सगळी माझ्या नावावर टाकणे अन्यायाचे आहे असा युक्तिवाद मी केला, कारण मुलीचा अभ्यास, मोठ्याचे कॉलेज आणि पत्नीच्या भिशीचा ग्रुप हे सर्व त्यावरच चालते. शेवटी निम्मी रक्कम धरली. उलट बाजूला, अंडी आणि केळी हा खेळाचा खर्च की घराचा, यावर बराच वाद झाला. ‘पोर खेळत नसती तरी जेवली नसती का?’ या पत्नीच्या प्रश्नावर तो मिटला आणि अंडी घराकडे गेली. हे सगळे सांगण्याचे कारण असे की आकडे माझ्या घरापुरतेच खरे आहेत. दुसऱ्या घरात ते वेगळे येतील. परंतु खेळावर खर्च करणाऱ्या प्रत्येक घराने एकदा ही दोन पाने करून पाहावीत.

डावे पान इतके कसे फुगले, याचा मी विचार केला. १९८६ चा मेक्सिकोतला विश्वचषक मी दहा वर्षांचा असताना शेजारच्या काकांकडे पाहिला. दूरदर्शन होते, वाहिनी एकच होती, आणि अर्जेंटिना–पश्चिम जर्मनी अंतिम सामना आपल्याकडे मध्यरात्रीकडे सुरू झाला तेव्हा त्या खोलीत किमान पंचवीस माणसे होती. त्या रात्री आमच्या घरचा खर्च शून्य होता आणि काकूंचा चहा-साखरेचा असेल तेवढाच. पुढे केबल आली, मग डिश आली, आणि २०१९ पासून वाहिन्या निवडून पैसे भरण्याची पद्धत आली. २०२२ चा कतारमधील विश्वचषक मोबाइलवर फुकट दिसला, त्यामुळे आमच्यासारख्यांना वाटले की आता हे असेच राहणार. पण सवय लागली आणि फुकटेपण गेले. इंग्लंडची लीग एका कंपनीकडे, युरोपातील क्लबांची चॅम्पियन्स लीग दुसऱ्या कंपनीकडे, आणि प्रत्येकाची वर्गणी निराळी. एकेक रक्कम पाहिली तर क्षुल्लक असते. महिन्याला दोन मिसळी कमी खाल्ल्या की झाले, असे आपण स्वतःला समजावतो. फक्त त्या मिसळी प्रत्यक्षात कमी होत नाहीत.

आपल्या देशातील लीगची गत तर आणखी विचित्र झाली. इंडियन सुपर लीग चालवण्याचे हक्क ज्या पंधरा वर्षांच्या कराराखाली दिले गेले होते, त्याची मुदत २०२५ च्या डिसेंबरात संपणार होती. पुढचे काही ठरेना म्हणून जुलैमध्येच नवा हंगाम बेमुदत पुढे ढकलला गेला. एरवी सप्टेंबरात सुरू होणारी लीग दसरा गेला, दिवाळी गेली, नाताळ गेला तरी सुरू झाली नाही. मुंबई सिटीचा मी चाहता आहे आणि त्यांनी २०२०–२१ मध्ये व पुन्हा २०२३–२४ मध्ये करंडक जिंकला तेव्हा मी पेढे वाटले होते. नव्या हंगामातला त्यांचा एकही लीग सामना न पाहता वर्षअखेर आली. हंगाम थांबला, वर्गणी थांबली नाही. खेळाडूंच्या आणि क्लबच्या कर्मचाऱ्यांच्या घरांत त्या महिन्यांत काय चालले असेल, याच्या तुलनेत माझी तक्रार किरकोळ आहे, हे मी जाणतो.

प्रेक्षकाच्या खिशाची कदर करायला क्लबांना भाग पाडता येते, याचे एक उदाहरण मला फार आवडते. २०१६ च्या फेब्रुवारीत लिव्हरपूल क्लबने नव्या स्टँडमधील सर्वांत महाग तिकीट ७७ पौंडांना करायचे ठरवले. ॲनफिल्ड या त्यांच्या मैदानावर सुंदरलँडविरुद्ध सामना चालू होता, लिव्हरपूल २–० ने पुढे होते, आणि सत्त्याहत्तरावे मिनिट लागताच हजारो प्रेक्षक उठून बाहेर निघून गेले. ते गेल्यावर सुंदरलँडने दोन गोल केले आणि सामना बरोबरीत सुटला. काही दिवसांतच मालकांनी दरवाढ मागे घेतली, माफी मागितली आणि दर दोन हंगाम गोठवले. त्याच वर्षीपासून इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये पाहुण्या संघाच्या प्रेक्षकांसाठी तिकीट ३० पौंडांहून महाग विकायचे नाही, असा नियम झाला. मर्सी नदीकाठच्या गोदी कामगारांच्या त्या शहरात फुटबॉल आणि घरभाडे एकाच पगारातून जाते, हे तिथल्या लोकांना कोणी समजावून सांगावे लागले नाही. आमच्याकडे असे काही घडायचे झाल्यास कोणत्या मिनिटाला उठून जायचे, यावरच दोन तालमींत भांडण होईल, ही गोष्ट वेगळी.

येत्या जूनमधील विश्वचषकाचे तिकीट घेणे आपल्यापैकी बहुतेकांच्या स्वप्नातही नाही, त्यामुळे अमेरिकेतील मागणीनुसार बदलणाऱ्या तिकीटदरांवर मी शब्द खर्च करत नाही. परंतु गेल्या डिसेंबरात मेस्सी भारतात येऊन गेला तेव्हा कोलकात्याच्या स्टेडियमवर हजारो रुपये मोजून आलेल्या लोकांना तो नीट दिसलाही नाही, कारण त्याच्याभोवती पुढाऱ्यांचे आणि पाहुण्यांचे कोंडाळे होते. आणि तो लवकर निघून गेल्यावर खुर्च्या मोडल्या गेल्या. मोडतोडीचे समर्थन होऊ शकत नाही. तरी त्या गर्दीतल्या एखाद्याने महिन्याच्या किराण्याएवढी रक्कम त्या तिकिटाला घातली असेल, आणि घरी जाऊन ‘दिसला का?’ या प्रश्नाला त्याने काय उत्तर दिले असेल, हे माझ्या मनातून जात नाही.

याच्या शेजारी शाहू स्टेडियमची पायरी ठेवून पाहा. चार वाजताचे ऊन, गरम झालेले सिमेंट, कागदाच्या पुडीत भाजलेल्या शेंगा, आणि तिकिटाला मिसळीच्या एका प्लेटपेक्षा कमी पैसे. ज्या पोराला आपण सकाळी दूध आणताना पाहतो तेच संध्याकाळी पेनल्टी घेताना दिसते. इथून निघालेला अनिकेत जाधव २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला, तेव्हा पेठापेठांतल्या लोकांना तो आपल्याच गल्लीतला वाटला. माझ्या डाव्या पानावर शाहू स्टेडियमची वेगळी ओळ करावी इतकी रक्कमच झाली नाही. वर्षभरात सर्वांत जास्त सुख मला जिथे मिळाले, तिथे सर्वांत कमी पैसे लागले. माझ्यासारख्या हिशेबनिसाला हे फार उशिरा कळले. तालमींनी मात्र एक विचार करावा. मोठ्या बक्षिसांच्या मागे लागून बाहेरून, परदेशातूनही खेळाडू आणायचे, त्यासाठी पेठेत वर्गणी फिरवायची, आणि त्याच पेठेतल्या पोरांनी फाटक्या बुटांवर सराव करायचा, हे वर्गणी देणाऱ्या घरांना दिसत नाही असे समजू नये.

उजव्या पानाबद्दल एक समाधानाची गोष्ट लिहायलाच हवी. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे दर बदलले, आणि अडीच हजार रुपयांपर्यंत किंमत असलेल्या पादत्राणांच्या जोडीवरील कर पाच टक्के झाला. त्याआधी हजार रुपयांच्या वरच्या बुटांना अठरा टक्के होता. फुटबॉल व इतर क्रीडा साहित्यही बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आले. साबण, टूथपेस्ट आणि केसांचे तेल अठरावरून पाचवर आले, मुलांच्या वह्या करमुक्त झाल्या, आणि त्यामुळे वहीत आणखी थोडी जागा निघाली, ती वेगळीच. त्या दिवशी घटस्थापना होती. पत्नीने मुलीचे नवे बूट मुद्दाम त्यानंतर घ्यायचे ठरवले होते. दुकानदाराने आधी खोक्यावरचा १,७९९ चा जुना शिक्का दाखवला आणि माल जुना आहे असे सांगितले. तिने मूळ किंमत, जुना कर आणि नवा कर वहीच्या मागच्या पानावर मांडून त्याच्यापुढे धरला. बूट १,६०० ला मिळाले. क्रीडा वाहिन्या आणि ॲप यांच्या वर्गणीवर मात्र अठरा टक्के कर तसाच आहे. सरकारच्या करधोरणाबद्दल माझ्या तक्रारी पुष्कळ आहेत, पण खेळण्यावर पाच आणि बघण्यावर अठरा ही विभागणी त्यांनी जाणून केली असो की नकळत, ती मला पटते.

त्याच खेपेला मुलीच्या संघाने वर्गणी काढून एक नवा चेंडू घेतला. त्यावर जालंधरचा शिक्का होता. फाळणीनंतर सियालकोटहून आलेल्या कारागिरांनी तिकडे हा धंदा वसवला; आजही तिथे आणि मेरठमध्ये चेंडू बनतात, आणि हाताने शिवायचे चेंडू वर्षानुवर्षे घरोघरच्या बायका नगावर शिवत आल्या आहेत. बत्तीस तुकडे, मेणवलेला दोरा, दोन सुया. म्हणजे आमच्या घरातून चेंडूच्या वर्गणीचे जे दीडशे रुपये गेले, त्यांतील काही थोडा भाग तिकडच्या कोणा घराच्या वहीत जमेच्या बाजूला पडला असेल. तो किती थोडा असतो, हे ते काम करणाऱ्या बायकांनाच विचारायला हवे.

आता, संपादक महोदय, माझे म्हणणे. पहिली विनंती दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसारभारतीला आहे. क्रीडा प्रसारणाच्या सक्तीच्या वाटणीचा २००७ चा कायदा आपल्याकडे आहे. राष्ट्रीय महत्त्वाचे म्हणून अधिसूचित झालेले सामने खासगी वाहिनीने दूरदर्शनला द्यायचे आणि त्यांच्या जाहिरातींच्या उत्पन्नातील पंचाहत्तर टक्के वाटा हक्कधारकाने घ्यायचा, अशी त्याची रचना आहे. अधिसूचित यादीत फुटबॉल विश्वचषकाचा उद्घाटनाचा सामना, उपांत्यपूर्व, उपांत्य आणि अंतिम सामने आहेत, राज्याराज्यांच्या संघांत होणाऱ्या संतोष करंडकाचे शेवटचे टप्पेही आहेत. परंतु २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की असे प्रक्षेपण दूरदर्शनच्या स्वतःच्या जाळ्यावर आणि ‘फ्री डिश’ या त्याच्या बिनवर्गणीच्या डिश सेवेवरच दाखवायचे, खासगी केबलवाल्यांकडे जाणाऱ्या दूरदर्शनच्या वाहिनीवर नाही. परिणामी, केबलचे पैसे भरणाऱ्या घरात तो सामना दूरदर्शनवर दिसत नाही, आणि फ्री डिश असलेल्या घरात दिसतो. हक्क विकत घेणाऱ्या कंपनीची बाजू मला समजते. तिनेही पैसे ओतलेले असतात. पण मग प्रसारभारतीने फ्री डिशवर कोणते सामने, किती वाजता दिसणार, हे महिनाभर आधी ठळकपणे जाहीर तरी करावे, म्हणजे आमच्यासारख्यांना केवळ चार सामन्यांसाठी वर्षाची वर्गणी भरायची की नाही ते ठरवता येईल. १९८६ चा अंतिम सामना ज्या अझ्टेका स्टेडियमवर झाला, तिथेच यंदाचा उद्घाटनाचा सामना आहे, भारतीय वेळेनुसार १२ जूनच्या मध्यरात्री साडेबारा वाजता. तो पाहायला मी शेजाऱ्यांना बोलवावे, अशी माझी इच्छा आहे, आणि चहा-साखरेचा खर्च घरखर्चात धरायला पत्नीची हरकत नाही.

याच विनंतीचा दुसरा भाग मुलीच्या वतीने आहे. भारताच्या महिला संघाने गेल्या जुलैमध्ये थायलंडला त्यांच्याच देशात २–१ असे हरवले आणि येत्या मार्चमध्ये ऑस्ट्रेलियात होणाऱ्या आशियाई चषकासाठी पात्रता मिळवली. ते दोन्ही गोल संगीता बासफोरचे. पात्रता फेरी जिंकून या स्पर्धेत पोहोचण्याची ही आपल्या महिलांची पहिलीच वेळ. जपान, व्हिएतनाम आणि चिनी तैपेई यांच्याशी होणारे ते सामने दूरदर्शनवर सर्वांना फुकट दिसावेत. आमच्या घरातील बघण्याच्या खर्चापैकी एवढा एक खर्च खेळण्याच्या पानावर टाकायला मी तयार आहे.

राज्य शासनाने तेरा वर्षांखालील मुलामुलींसाठी ‘महादेवा’ योजना आणली आहे आणि निवडक मुलांना शिष्यवृत्ती मिळणार आहे, हे चांगलेच झाले. पण जे निवडले जाणार नाहीत, त्यांना शाळेची मैदाने संध्याकाळी सहानंतर उघडी मिळाली, तरी पालकांचा प्रवासाचा खर्च निम्मा होईल. आमच्या भागातील एका शाळेचे मैदान सुटी झाली की कुलूपबंद होते आणि मुलींना दोन रिक्षा बदलून दुसरीकडे जावे लागते. मुख्याध्यापकांना आम्ही भेटलो. विजेचे बिल कोण भरणार, हा त्यांचा प्रश्नही खोटा नव्हता. दिव्यांचे ते बिल महापालिकेने उचलावे, एवढेच.

आणि शेवटची विनंती तालमींना, जिला पैसाही लागणार नाही. वाढत्या वयाच्या मुलांचे बूट फाटण्याआधी लहान होतात. प्रत्येक तालमीने आपल्या खोलीत एक कपाट ठेवावे, लहान झालेले बूट तिथे आणून द्यावेत आणि आपल्या मापाचे घेऊन जावेत. इथे तरी पेठ पाहू नये. असे कपाट आमच्या मंडळात ठेवायचे ठरले आहे. मुलीचे ते दोनदा शिवलेले बूट देण्याच्या लायकीचे राहिले नव्हते; पण त्यानंतर आलेले, संक्रांतीचे, चार नंबरचे बूट चांगले आहेत. ते मी परवा ब्रशने घासून धुतले, उन्हात न ठेवता सावलीत वाळवले आणि त्यांना नवी फीत घातली. फितीचे वीस रुपये उजव्या पानावर लिहिले आहेत.

आपला नम्र,
एक फुटबॉलप्रेमी वाचक
कोल्हापूर, जानेवारी २०२६